पहाऱ्याची घंटी

दारव्हा
२ डिसेंबर २०२३

चि. अनघास आत्याचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर आली होतीस तेव्हा म्हणालीस, "आत्या, फोन वाजला तरी छातीत धस्स होतं, तू आपली कागदावर लिहीत जा." म्हणून लिहिते. जुन्या वह्यांतले कोरे कागद उरलेच आहेत, तेही सार्थकी लागतील.

तुझ्या बाबांचा यवतमाळहून फोन आला. म्हणाले, "ताई, पोरीने नकार दिला." मला वाटलं, एखाद्या स्थळाला दिला असेल, त्यात नवल ते काय! तर म्हणे विमान न्यायला नकार दिला. माणसं रांगेत, सामान चढलेलं, आणि तू वर्दी घालून साहेबांना सांगितलंस की मी थकले आहे, मला जमणार नाही.

अगं, थकायला काय झालं? विमान ढकलत न्यायचं असतं का? खुर्चीवर बसून काम, खोली थंडगार, चहा हातात आणून देतात. मी मॅट्रिक झालेली बाई, मला विमानातलं कळत नाही, पण बसून थकलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही.

दारव्ह्यात बातमी यायला वेळ लागत नाही, यवतमाळची जीप भरली की निघते. काल भजनाला तानाबाईने सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वो कुंदाताई, तुमची अनघा खाली आली म्हने?" आमची पोरगी आभाळात असते, असं गेली कित्येक वर्षं मीच त्यांना सांगत आले. आता खाली कशी आली ते कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय फेब्रुवारीत आमचं भजनी मंडळ नागपूरहून विमानाने काशीला जाणार आहे. बाया विमानाला घाबरत होत्या. माझ्या भरवशावर हो म्हणाल्या, म्हणजे तुझ्या भरवशावर.

बाबा म्हणाले, तू लवकरच कॅप्टन होणार होतीस. तेव्हा साहेबांची माफी माग आणि विषय संपव. दत्त जयंतीचा सप्ताह तोंडावर आला आहे, वीणेच्या पहाऱ्याच्या पाळ्या यंदाही मीच लावते आहे. डोक्याला एवढं एकच काम पुरे आहे.

तुझी,
कुंदाआत्या


हैदराबाद
८ डिसेंबर २०२३

ती. सौ. आत्यास सा. नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. चहा खरंच हातात आणून देतात.

बाबांना मी अर्धंच सांगितलं होतं. तुला पूर्ण सांगते, पण त्यांना सांगू नकोस.

त्या आठवड्यात पाळ्या अशा होत्या की आज पहाटे उठायचं, उद्याही पहाटे, आणि परवा रात्रभर जागायचं. मध्ये झोपायला म्हणून जो वेळ देतात तो कागदावर पुष्कळ दिसतो. त्यातून हॉटेलात पोचायचं, जेवायचं, आणि भर दुपारी पडदे ओढून शरीराला सांगायचं, बाई, ही रात्र आहे, झोप. शरीर काही तुझ्यासारखं आज्ञाधारक नसतं. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजतो : पाळी बदलली आहे.

नकार दिला त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळची वेळ, रात्रभर उडून आम्ही परत येत होतो. शेजारी सलील सर, म्हणजे त्या फेरीचे कॅप्टन. माणूस चांगला, माझ्याहून जास्त थकलेला. समोरून कोवळं ऊन येत होतं. आमच्यात एकाने दुसऱ्याला सांगून थोडा वेळ डोळे मिटायची सोय आहे, पण दुसऱ्याने जागं राहायचं असतं. त्या दिवशी कुणीच कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच आठवतं की कानात खालून कुणीतरी आमच्या विमानाचा नंबर पुकारत होतं आणि आवाज वैतागलेला होता. म्हणजे तो पहिल्यांदा पुकारत नव्हता. मी शेजारी पाहिलं. सरांची मान छातीवर. मागे विमान भरून माणसं, काही झोपलेली, काही नाश्ता करणारी. त्यांना वाटत होतं, पुढे दोघं जण जागे आहेत.

उतरलो नीट. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी वर्दी घातली, आरशात पाहिलं, आणि खाली जाऊन सांगितलं की मी आज उडण्याच्या लायकीची नाही. नियमात तसं म्हणायची मुभा आहे. मुभा आहे, पण म्हटल्यावर काय होतं ते नियमात लिहिलेलं नाही.

आता साहेब फार गोड बोलतात. म्हणतात, 'थकवा' हा शब्द काढ, 'घरगुती कारण' असं लिहून सही कर, संक्रांतीच्या आत दे. मग कॅप्टनचं काम पुढे जाईल. नाहीतर तुझी तब्येत, तुझं मन, सगळं तपासावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. आदल्या दिवसाबद्दल तर कुणी विचारतच नाही.

खरं सांगू का, माझा हात सहीकडे जातो आहे. त्या खुर्चीसाठी मी इतकी वर्षं काढली.

एक विचारू? तुमच्या सप्ताहात वीणा घेऊन उभ्या असलेल्या बाईला झोप आली तर काय करता?

तुझी,
अनघा


दारव्हा
१४ डिसेंबर २०२३

चि. अनघास आशीर्वाद.

पत्र वाचलं. त्या दिवशी दत्तगुरूंनीच विमान उतरवलं, यात मला शंका नाही. सोबत अंगाऱ्याची पुडी पाठवते आहे, यंत्राजवळ कुठेतरी ठेव. झोप आली की लवंग चावत जा. डिंकाचे लाडू वेगळे पाठवले आहेत, सलील सरांनाही दे. बिचाऱ्यांना घरी कुणी करून घालत नसेल.

वीणेचं विचारलंस. लहानपणी पाहिलं आहेस, तरी विसरलीस वाटतं. सप्ताह बसला की काल्यापर्यंत वीणा खाली टेकवायची नाही. एकीच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसरीच्या गळ्यात. घेणारी आणि देणारी एकमेकींच्या पाया पडतात, मग घेणारी लहान का असेना. आणि उभं राहून नाम घ्यायचं. खांबाला छोटी घंटी टांगलेली असते. जिला झोप आली, चक्कर आली, नुसतं नको झालं, तिने घंटी वाजवायची. शेजारच्या खोलीतून जी जागी असेल ती येते आणि वीणा घेते. का वाजवलीस, असं विचारायचं नाही, ही आमच्या सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत आहे. वीणा पडण्यापेक्षा पाळी बदललेली बरी, असं त्या म्हणायच्या.

पण बाळ, ते देवाचं काम आहे. तुझी नोकरी आहे. दोन्ही एकात एक घालू नकोस. नोकरीत घंटी वाजवली की साहेब कारण विचारणारच.

आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही ही रीत आता परवडेना. यंदा बाया कमी. म्हणून तासाचा पहारा मी दोन तासांचा केला. गेल्या वर्षी घंटी फार वाजली. त्या उर्वशीने तर डोकं दुखतं म्हणून दोनदा वाजवली, तेही माझी भाकरी तव्यावर असताना. म्हणून यंदा मी घंटी काढून आणली आणि आपल्या देवघरात ठेवली. जिला पहारा सोडायचा असेल तिने मंडळासमोर उभं राहून कारण सांगावं. परवाच्या बैठकीत सांगितलं, तर एकीनेही कुरकुर केली नाही. बघ, शिस्त लावली की माणसं थकत नाहीत.

तू सही करून टाक. 'घरगुती कारण' यात खोटं काय आहे? मी घरचीच आहे आणि मला तुझी काळजी लागली आहे, झालं की कारण.

तुझी,
कुंदाआत्या


हैदराबाद
१९ डिसेंबर २०२३

ती. आत्यास सा. नमस्कार.

लाडू पोचले. सलील सरांनी दोन खाल्ले आणि 'आत्यांना नमस्कार सांगा' म्हणाले. अंगाऱ्याची पुडी बॅगेत आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आत्या, तू आमच्या कंपनीत ये. तुला मोठी खोली देतील, आणि चहा हातात.

कुरकुर झाली नाही म्हणतेस. आमच्याकडेही होत नाही.

मी अजून सही केलेली नाही. तू मला लहानाची मोठी केलीस, तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेले नाही. सप्ताह आटोपला की मला लिही. तेव्हाही 'सही कर' म्हणालीस तर करीन. तोवर कागद तसाच राहील. फक्त एक मागते : घंटी परत खांबाला लाव.

तुझी,
अनघा


दारव्हा
२८ डिसेंबर २०२३

चि. अनघास आशीर्वाद.

दत्तकृपेने सप्ताह पार पडला. काल्याचं कीर्तन रंगलं, पंगतीत वांग्याची भाजी सगळ्यांना आवडली, काही उरलं नाही आणि काही कमी पडलं नाही.

अक्षर वाकडं आलं आहे. हाताला थोडं भाजलं, समईतलं तेल उडालं, एवढंच. वीणा दुरुस्तीला यवतमाळला पाठवली आहे. शेवटच्या दिवशी पहाटे तिचा पट्टा तुटला आणि भोपळ्याला चीर गेली. पट्टा जुनाच होता. त्यात कुणाचा दोष नाही.

घंटी परत खांबाला लावली. देवघरात जागा पुरत नव्हती.

सहीचं म्हणशील तर घाई करू नकोस. का ते विचारू नकोस. संक्रांतीला अजून वेळ आहे. तिळगूळ पाठवीन.

तुझी,
कुंदाआत्या


दारव्हा
३० डिसेंबर २०२३

चि. अनघाले विमलताईचा आशीर्वाद.

मी तुह्या आत्याची शेजारीण, भजनी मंडळाची अध्यक्ष. नावाचीच अध्यक्ष, हुकूम सारा तिचा. तुहा पत्ता कुंदाच्या पाकिटावरून उतरवून घेतला. तिले माहीत नाही मी लिहून राह्यली ते. कागद तिच्याच घरून मागून आणला, तो तिनं अर्धा फाडून देल्ला.

तिनं तुले पट्टा तुटला म्हणून लिहिलं असन. गावाले बी तेच सांगून राह्यली. पट्टा धडधाकट आहे बाई. मी स्वतः ओढून पाह्यला, त्याले बैल बांधला तरी तुटणार नाही.

झालं असं का, तानाबाईले ताप होता. पण घंटी नाही, अन् मंडळासमोर उभं राहून कारण सांगायची तिले लाज वाटली. तशीच खांबाले टेकून उभी राह्यली. कुंदानं पाह्यलं. मनातून तिले बी वाईट वाटलं असन, पण 'घंटी लावतो' हे तोंडातून निघे ना. म्हणून तानाबाईचा पहारा सोताच घेतला. त्याच्या बादचा उर्वशीचा होता. तिले भेव वाटलं का कुंदाताई रागावून उभ्या आहेत, आता हलायचं नाही. ते बी दाराशी थांबली, वीणा मागायले पुढं गेलीच नाही. मग कुंदाचा सोताचा लागला. काकड आरतीच्या वक्ती आम्ही सारे आलो त कुंदा उभीच. नाम घेऊन राह्यली, पण शब्द लागे ना, घोटाळा होऊन राह्यला होता. मी म्हटलं, "कुंदे, दे इकडं." त म्हणे, "मी जागी आहे." हे बोलता बोलताच आडवी झाली.

वीणा खाली, तिच्यावर कुंदा, कुंदावर समई. पदर पेटला. तानाबाई तापात होती, तरी तिनंच तीर्थाचा गडवा ओतला. देव पावला म्हणायचं, पण आणखी थोडं उशिरा झालं असतं त मी हे पत्र लिहिलं नसतं.

डोळे उघडले त पहिला शब्द काय काढला असन? "पट्टा तुटला."

तिले उत्तर देणार कोण? तुह्या सहीचा विषय आमच्या भजनात साऱ्यायले माहीत आहे. सही कर का नको करू, हे मी सांगणार नाही, मले त्यातलं समजत नाही. मी फक्त काय पडलं ते सांगतलं. हे पत्र वाचून फाडून टाक. तिच्या हाती लागलं त पुढच्या साली सगळे पहारे मलेच लावन ते.

तुही,
विमलताई


हैदराबाद
११ जानेवारी २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

पट्टा तुटल्याचं वाचलं. हाताला तूप लावतेस ना? भाजल्यावर तूप लावायचं नसतं, डॉक्टरांना दाखव. पैसे वाचतात म्हणून घरीच बरं करू नकोस.

आमच्याकडेही पट्टे फार तुटतात, आत्या. साहेबांनी सलील सरांना अखेर त्या सकाळबद्दल विचारलं. सरांनी लिहून दिलं, 'समोरून ऊन येत होतं, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला.' ऊन येत होतं हे खोटं नाही. त्यांच्या दोन मुली शिकताहेत, मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या कागदावर साहेबांनी लगेच शिक्का मारला.

मी सही केली. पण त्यांनी दिलेल्या कागदावर नाही. साध्या कागदावर लिहिलं, 'आदल्या दिवशी मला विमान चालवताना झोप लागली होती. त्या दिवशीही लागली असती. म्हणून मी नकार दिला.' साहेबांनी कागद असा धरला जसा तू ओलं पोतेरं धरतेस.

कॅप्टनचं काम लांबणीवर पडलं. किती, ते कुणी सांगत नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मला एका वर्गाला घातलं आहे, 'पुरेशी झोप कशी घ्यावी'. वर्ग पहाटे असतो. शिकवणाऱ्या बाई जांभया देतात.

तुला विचारल्याशिवाय केलं, पहिल्यांदाच. रागव हवं तर. पण 'घाई करू नकोस' असं तू वाकड्या अक्षरात लिहिलंस, ते मला तुझ्या सगळ्या सरळ अक्षरांहून जास्त कळलं.

तुझी,
अनघा


दारव्हा
२४ फेब्रुवारी २०२४

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

काशीहून परवा आलो. गंगेच्या पाण्याची कुपी तुझ्यासाठी ठेवली आहे.

आधी मागचं सांगते. विमलताईने तुला लिहिलं हे मला 'पट्टे फार तुटतात' इथेच कळलं. ती कागद मागायला आली तेव्हाच संशय आला होता. म्हणाली, हिशोब लिहायला हवा; पण मंडळाचा हिशोब मीच लिहिते, तिला कागद कशाला लागेल? तिला मी काही बोलले नाही. पुढच्या सप्ताहात पाळ्या तीच लावणार आहे, एवढी शिक्षा पुरे.

वीणा दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मंडळाची बैठक होती. दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवायचा होता. पुढे 'कारण' म्हणून रकाना असतो. मी आधी 'पट्टा' लिहून ठेवलं होतं. वाचताना तुझं पत्र पदराला बांधलेलं होतं. मी चष्मा काढला आणि म्हटलं, "पट्टा धड आहे. मला झोप लागली." मग तानाबाई म्हणाली, "आता कशा बोलल्या! आमी तं कवाच्यान् वाट पाहून राह्यलो." आणि उर्वशी रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडतेस कशाला, पुढे येऊन वीणा मागायची होतीस. ती म्हणाली, "तुमाले मागाची हिंमत कोनात आहे?" हे मी लक्षात ठेवलं आहे.

तुझ्या बाबांनाही यवतमाळला जाऊन सांगितलं. त्यांच्यासमोर पदराची जळकी कड ठेवली आणि म्हटलं, अनंता, मी उभी होते ती जमिनीवर. त्यांनी ती कड घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या रविवारी तुला फोन करतील. ते स्वतःहून काही म्हणणार नाहीत. हवापाणी विचारतील, तेवढ्यावरून समजून घे.

आता काशीचं. नागपूरला विमानतळावर पोचलो. माझ्या पिशवीत पूजेची घंटी होती, तपासणाऱ्या मुलीने ती पडद्यावर पाहून पिशवी उघडायला लावली. वाजवून दाखवली तेव्हा सोडलं. दुपारी विमान निघायचं, तर निघेचना. मग सांगण्यात आलं की चालवणाऱ्यांच्या कामाचे तास संपले आहेत, दुसरे येईपर्यंत थांबावं लागेल. झालं, लोक उठले. एक पांढऱ्या बुटांचा माणूस तर टेबलावर हात आपटायला लागला. "पैसे पूरे लेते हैं और पायलट सोता है क्या?" सगळे त्याच्या बाजूने. आमच्यातल्याही दोघी त्याच्याकडे बघून माना डोलवायला लागल्या.

तानाबाई बाकावर मांडी घालून चिवडा खात होती. ती तिथूनच म्हणाली, "झोपू द्या न भाऊ. वर नेऊन झोपला असता तं?"

त्याला मराठी कळत होतं, कारण टेबलावरचा हात त्याने खिशात घातला.

तेवढ्यात विमानाकडे जायच्या दारातून विमान चालवणारे दोघं बाहेर आले, बॅगा ओढत. त्यातली एक मुलगी, तुझ्याहून लहान असेल. लोक तिला ऐकू जाईल असं बोलत होते. तिने मान वर केली नाही. मला काय वाटलं कोण जाणे, मी पिशवीतून घंटी काढली आणि वाजवली. आमच्या बाया सवयीने उठल्या, सगळ्याच. मी त्या मुलीसमोर जाऊन वाकले, पाळी घेताना वाकतात तशी. ती घाबरून मागे सरली. "आजी, काही हवंय का?" म्हणाली, मराठीच निघाली. मी म्हटलं, "काही नको, जा, झोप."

तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं आहे. पांढऱ्या बुटांच्या माणसाने तर फोनवर कुणाला तरी तसं सांगितलंही.

दुसरे दोघं उशिराने आले. चेहरे ताजे होते. मी नीट बघून घेतलं, जवळ जाऊन. त्यांनाही मी आवडले नसेन. काशीला अंधार पडल्यावर उतरलो, संध्याकाळची आरती चुकली. विमलताई म्हणाली, आरती चुकली म्हणजे यात्रा अर्धी. मी म्हटलं, उद्या गंगा कुठे जात नाही.

तुझी खुर्ची केव्हा मिळेल ते मला माहीत नाही. आशीर्वाद देता येतो, तो देते. वर्गातल्या बाईंना डिंकाचे लाडू देऊन बघ.

एक गोष्ट लिहायची राहिली. विमान वर गेलं, ढगांवर आलं, आणि तुझी आत्या, जिने सगळ्या बायांना खिडकीतून काय काय बघायचं ते घोकून दिलं होतं, ती गाढ झोपली. उतरल्यावर उर्वशीने उठवलं. मी आधी पट्टाच चाचपला, खुर्चीचा. तो धड होता.

तुझी,
कुंदाआत्या